जयपूरच्या बंदरातली माणसं

आमच्या डेपोत आलेली कुठलीही वस्तू फार दिवस टिकत नाही. बगरूच्या चादरी, सांगानेरचा कागद, फरश्या, रजया, सगळं कंटेनरच्या डब्यात भरलं जातं, सील लागतं आणि गाडी निघून जाते. मागे राहतात ते फक्त किस्से. नऊ वर्षांत इतके साठलेत की घरी चार माणसं जमली की एखादा तरी निघतोच, आणि एक निघाला की त्याच्यामागून दुसरा. परवा धाकटी नणंद आली होती. तिने सहज विचारलं, "वहिनी, जयपूरला तुमचं कसलं हो बंदर?" झालं. चहा दोनदा गरम करावा लागला.

तर कसलं बंदर ते आधी सांगते. मी मूळची भुसावळची. वडील रेल्वेत होते, मीही रेल्वेत लागले, आणि मालवाहतुकीच्या कामावर बदली होऊन जयपूरला आले. इथे कंटेनरचा डेपो आहे. त्याला कोरडं बंदर म्हणतात. माल तपासणं, कस्टमचे शिक्के, सील, जे सगळं पूर्वी समुद्रकाठी जाऊन करावं लागायचं ते इथेच उरकतं. मग डबे गाडीवर चढतात, गुजरातच्या किनाऱ्यावर उतरतात आणि सरळ जहाजात जातात.

पहिल्या दिवशी मला यार्ड दाखवायला शेखावतजी आले. ते यार्डाचे प्रमुख. उंच, पांढऱ्या मिशा, अर्धं आयुष्य त्या डब्यांच्या रांगांतून फिरण्यात गेलेलं. डोक्यावर ऊन, पायाखाली धूळ, आणि चारी बाजूंना लांबलांबच्या देशांची नावं लिहिलेले लाल-निळे डबे. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं की समुद्र इथून किती लांब असेल.

शेखावतजींनी जरासुद्धा विचार केला नाही. म्हणाले, "मॅडमजी, समंदर यहीं से शुरू होता है। पानी थोड़ा आगे है।"

मला वाटलं, नवीन बाई आली म्हणून गंमत करताहेत. ते गंमत करत नव्हते हे कळायला एका लग्नाचं आमंत्रण यावं लागलं.

*

जयपूरजवळच्या बगरूचे रामस्वरूपजी एका दुपारी ऑफिसात आले. हे लाकडी ठशांनी कापडावर छपाई करणारे. पणजोबांपासून तेच काम. हाताची बोटं नखांपर्यंत निळी, ती निळाई साबणाने जात नाही. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून माझ्यासमोर ठेवली. चिठ्ठीवर दोन तारखा होत्या. मुलीचं लग्न ठरलं होतं आणि पंडितजींनी दोन मुहूर्त काढून दिले होते. त्यांना माझ्याकडून एवढंच हवं होतं की यातल्या कुठल्या तारखेच्या जवळपास जहाज आहे.

जहाज निघण्याआधी ठरलेल्या वेळेपर्यंत डबा बंदरात पोचावा लागतो. त्या वेळेला आमच्याकडे कटऑफ म्हणतात. ती टळली की जहाज आपल्याला सोडून जातं. मी यादी बघितली. पहिला मुहूर्त नेमका कटऑफच्या दोन दिवस आधी येत होता. रामस्वरूपजींनी खिशातून पेन काढलं आणि त्या तारखेवर शांतपणे काट मारली.

मलाच वाईट वाटलं. म्हटलं, रामस्वरूपजी, मुलीचं लग्न आहे. जहाज काय, पुढचं मिळेल.

मग त्यांनी मला त्यांची गल्ली समजावून सांगितली. वडिलांच्या वेळी कापड जयपूरच्या बाजारात जायचं. गिऱ्हाईक आलं तर आलं. गल्लीतल्या निम्म्या लोकांनी ठसे माळ्यावर टाकले होते, कोणी रिक्षा चालवत होता, कोणी बांधकामावर विटा उचलत होता. परदेशच्या ऑर्डरी यायला लागल्या, डेपोतून डबा नियमित जायला लागला, तसे एकेक करून ठसे माळ्यावरून खाली आले. आता त्या गल्लीतल्या प्रत्येक घरात कोणी ना कोणी छापतं, धुतं, रंग उकळतं किंवा कडा शिवतं. लग्न म्हटलं की ती अख्खी गल्ली चार दिवस त्यांच्या मांडवात असणार.

"शादी में तो सब मेरे यहाँ होंगे," ते म्हणाले. "फिर छापेगा कौन?"

ते गेल्यावर मी हा प्रकार शेखावतजींना सांगितला. मला वाटलं त्यांना नवल वाटेल. ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले की नवऱ्या मुलाचे वडील सकाळीच तारीख विचारून गेले, तेही छपाईवालेच आहेत.

लग्न दुसऱ्या मुहूर्तावर झालं. मी गेले होते. मांडवात मला नमस्कार करणारा प्रत्येक माणूस नमस्काराच्या आधी एकच विचारत होता, डबा चढला ना?

*

ज़ुबैदा आपांचा किस्सा मी जरा अभिमानाने सांगते, कारण त्यात माझाही चिमूटभर वाटा आहे.

आपांचं सांगानेरला हातकागदाचं छोटं युनिट. कपड्यांच्या कारखान्यातल्या चिंध्या आणायच्या, त्यांचा लगदा करायचा, जाळीवर कागद उचलायचा, उन्हात वाळवायचा. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीने ते चालवलं. पहिल्यांदा परदेशची ऑर्डर आली, हाताने बांधलेल्या वह्यांची. आपांनी प्रत्येक वही स्वतः तपासून डब्यात भरली. दीड महिन्याने तिकडून फोटो आले. सगळ्या वह्या केळीच्या पानासारख्या वळल्या होत्या. गिऱ्हाइकाने लिहिलं होतं की माल छान आहे, पण आम्हाला ओला कागद नको.

आपा तो फोन घेऊन माझ्याकडे आल्या. रडल्या वगैरे नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली आणि विचारलं, "बेटा, समंदर पर हवा कैसी होती है?"

मी लहानपणी एकदा रत्नागिरीला मावशीकडे गेले होते, तेवढाच माझा समुद्र. पण ते चांगलं आठवत होतं. सांगितलं की मीठ डब्यात दगड होतं, पापड तळायच्या आधीच मऊ पडतात, रात्री वाळत घातलेला टॉवेल सकाळी जास्त ओला लागतो. शिवाय डबा दिवसा तापतो, रात्री गार होतो, आणि आतल्या छताला पाण्याचे थेंब धरतात. आपा लक्ष देऊन ऐकत होत्या. जयपूरच्या हवेत वाढलेल्या बाईला पापडाचं काही पटेना. इथे कणीक मळून ठेवली तर तासात वरचा थर कडक होतो.

त्या घरी गेल्या आणि त्यांनी न्हाणीघर, त्यांच्या भाषेत ग़ुस्लख़ाना, रिकामं केलं. आत वह्या रचल्या, उकळत्या पाण्याच्या बादल्या ठेवल्या आणि दार लावलं. दिवसभर वाफ, संध्याकाळी दार उघडं, पुन्हा वाफ. घरातली माणसं तीन आठवडे शेजाऱ्यांकडे अंघोळीला जात होती. वह्या प्लास्टिकमध्ये बांधून बघितल्या, मेणकापडात बांधून बघितल्या, ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून बघितल्या. पुड्या तळाशी पडतात आणि ओल वरून येते, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी जाड सुती कापडाची लांब पिशवी शिवली, कप्पे कप्पे असलेली, आणि पुड्या त्यात भरून पिशवी छताखाली टांगली.

दुसरी खेप आपांनी स्वतःच्या जोखमीवर पाठवली. ती पोचेपर्यंत त्या दर दोन दिवसांनी डेपोत यायच्या, मला काही विचारायच्या नाहीत, नुसत्या बसायच्या. तिकडून फोटो आले तेव्हा आम्ही दोघींनी एकाच फोनवर डोकी घालून बघितले. वही सरळ होती. पानांची कड पट्टीने आखावी, इतकी सरळ.

त्या पिशव्या आता फक्त आपा वापरत नाहीत. फर्निचरवाले नेतात, चामड्याच्या मोजड्यावाले नेतात. युनिटच्या मागच्या खोलीत मोहल्ल्यातल्या पंधरा बायका शिवणयंत्रांवर बसतात आणि दिवसभर त्याच शिवतात. एकदा कस्टमचे नवे साहेब तपासणीला आले, डब्यात वर टांगलेली ती माळ बघून त्यांनी विचारलं की हे काय आहे.

आपा म्हणाल्या, "हमारा ग़ुस्लख़ाना।"

*

मग ते वर्ष आलं, जेव्हा जहाजांनी नेहमीचा रस्ता सोडला आणि ती आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. बातम्यांत ते मोठ्या लोकांचं राजकारण होतं. बगरूला ते वेगळ्याच रूपात पोचलं. गेलेले डबे परत यायला उशीर व्हायला लागला, आणि रिकामा डबा मिळेनासा झाला. रंगवलेलं कापड घरोघरी छतापर्यंत रचून ठेवलेलं. धुणाऱ्यांना काम नाही, कारण छपाई थांबली. छपाई थांबली, कारण ठेवायला जागा नाही.

एका सकाळी डेपोत एकच चाळीस फुटी डबा उरला आणि त्यावर हक्क सांगणारे दोघे. एक रामस्वरूपजी. दुसरे महेंद्रजी, सी-स्कीमच्या श्रीमंत वस्तीत ऑफिस असलेले, रजयांची निर्यात करणारे, इस्त्रीचा शर्ट, दोन फोन. या दोघांचं फार जुनं वाकडं होतं. महेंद्रजींनी कधीकाळी रामस्वरूपजींचं एक मोठं गिऱ्हाईक पळवलं होतं, त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलत नसत. त्या दिवशीही बोलले नाहीत. दोघंही माझ्याशीच बोलत होते, एकमेकांना ऐकू जाईल अशा आवाजात.

महेंद्रजींचं म्हणणं की त्यांचं बुकिंग आधीचं आहे. रामस्वरूपजींचं म्हणणं की बुकिंग दोघांचंही त्याच जहाजाचं आहे आणि त्यांचा माल तीन आठवडे पडून आहे. मी कागद बघितले. खरं सांगायचं तर दोघंही बरोबर होते.

शेखावतजी दारात उभे राहून हे ऐकत होते. त्यांनी भांडणाबद्दल काहीच विचारलं नाही. महेंद्रजींना विचारलं की रजयांनी डबा भरला तर वजन किती होतं. महेंद्रजी म्हणाले, काहीच नाही, रजई म्हणजे हवाच. मग रामस्वरूपजींना विचारलं की थान, म्हणजे कापडाचे तागे, भरले तर डबा कुठपर्यंत भरतो. ते म्हणाले, कमरेपर्यंत, त्याच्या वर वजन चालत नाही.

शेखावतजींनी दोघांकडे बघितलं. "तो नीचे ये, ऊपर आप," ते म्हणाले आणि चहा सांगायला निघून गेले.

मग महेंद्रजींनी, मला नाही, रामस्वरूपजींना विचारलं की थानांचा रंग रजयांना लागणार नाही ना. रामस्वरूपजींचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता उठून जातील. ते उठलेही, पण गेले ते गाडीपर्यंतच, आणि एक थान घेऊन आले. टेबलावरचा पाण्याचा ग्लास त्यांनी त्यावर ओतला आणि ते ओलं कापड महेंद्रजींच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर दाबून धरलं. अर्धा मिनिट. मग उचललं.

बाही ओली झाली होती, पण पांढरीच होती.

कागदपत्रं नव्याने करायला माझा अख्खा दिवस गेला, कस्टमवाल्यांनी शंभर प्रश्न विचारले, पण डबा गेला. पुढे रिकामे डबे पुन्हा मिळायला लागले तरी त्या दोघांनी जोडीने माल पाठवणं सोडलं नाही. बगरूच्या रस्त्यावर दोघांनी मिळून पॅकिंगची एक शेड घातली आहे. तिथे आता खोक्यांचा कारखाना आलाय, समोर ट्रकवाल्यांचा ढाबा आलाय, आणि बाजूला एका मुलीने कागदपत्रं भरून देण्याचं दुकान काढलंय, ती रामस्वरूपजींची सून. बाकीच्यांच्या कागदांत मला रोज चुका सापडतात. तिच्या कागदांत अजून एकही नाही.

*

आमच्या लेकीचा, इराचाही एक किस्सा आहे. ती इथेच वाढली, त्यामुळे तिचं मराठी हिंदीत भिजवून काढल्यासारखं. मराठी मंडळात मुलांना एकदा आईवडिलांच्या कामाबद्दल बोलायला सांगितलं. इरा तेव्हा दहा वर्षांची. माईकपाशी जाऊन म्हणाली, "माझी आई जहाजांना टाइमावर पाठवते. मतलब, जयपूरमधून."

लोक हसले. पहिल्या रांगेत बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते, ते प्रेमाने म्हणाले की बाळा, तुझा काहीतरी गोंधळ होतोय, जयपूरला जहाज कुठलं?

इराला राग आला की तिचं मराठी एकदम सुधारतं. म्हणाली, "काका, तुम्ही बगरूला जाऊन कोणालाही विचारा. जहाज लेट झालं की त्यांच्या घरची भाजी बदलते."

कार्यक्रम संपल्यावर काका माझ्यापाशी आले आणि म्हणाले की बँकेत मी पस्तीस वर्षं लोकांना हेच समजावून सांगत होतो, दूरच्या व्यापाराचा आपल्या घरखर्चाशी काय संबंध, मला कधी एका वाक्यात जमलं नाही.

*

गेल्या हिवाळ्यात गुजरातच्या बंदरातर्फे माल पाठवणाऱ्यांसाठी एक दौरा निघाला. आमच्या डेपोतून काही जण गेलो, शेखावतजी, आपा, महेंद्रजी, रामस्वरूपजी आणि मी. सगळ्यांना पिवळी जाकिटं आणि हेल्मेटं दिली. रामस्वरूपजींनी हेल्मेट पगडीवरच ठेवलं, ते बसेना, मग पगडी काढून काखेत धरली.

सत्तरी ओलांडलेला हा माणूस धक्क्यावर जहाजाच्या पायथ्याशी मान वर करून उभा राहिला. ती उंची बघायला आम्हीही माना वर केल्या. वर क्रेन एकामागून एक डबे उचलत होत्या. बंदराचे अधिकारी सांगत होते की या धक्क्यामागे आधी नुसता खारवट माळ होता, आता कारखाने आहेत, वस्त्या आहेत, शाळा आहेत. ते माझ्यासाठी नवीन नव्हतं, पण डोळ्यांनी बघणं वेगळं.

तेवढ्यात जहाजाच्या शिडीवरून एक खलाशी खाली आला. फिलिपिन्सचा होता, चाळिशीचा, हसऱ्या तोंडाचा. कोणालातरी कागद द्यायला आला होता. त्याच्या गळ्यात एक रुमाल बांधलेला होता, निळा, त्यावर मातकट लाल फुलं.

रामस्वरूपजी चालत सरळ त्याच्यापाशी गेले आणि त्याच्या गळ्यातल्या रुमालाला हात घातला. खलाशी दचकला. मी धावत गेले, इंग्रजीत माफी मागितली. तो म्हणाला काही हरकत नाही, आणि त्याने रुमाल सोडून रामस्वरूपजींच्या हातात दिला.

रामस्वरूपजींनी तो उन्हात धरला. एक फूल बघितलं, मग दुसरं, मग कोपऱ्यातलं. मला जवळ बोलावून त्यांनी निळ्या बोटाने दाखवलं. प्रत्येक फुलाची एक पाकळी अर्धीच होती. तो ठसा त्यांच्या वडिलांनी कोरलेला. फार वर्षांपूर्वी हातातून निसटून पडला आणि त्याची एक पाकळी उडाली. वडिलांनी तो टाकू दिला नाही. आजही बगरूला रोज त्यानेच छापतात.

मी खलाशाला विचारलं की रुमाल कुठला. युरोपातल्या कुठल्याशा बंदरावर, रविवारच्या बाजारात घेतला होता. पाच-सहा वर्षं झाली असतील. तेव्हापासून गळ्यात हाच. घाम, खारा वारा, ऊन, बाकीचे सगळे कपडे विटले, हा तेवढा राहिला. बायकोला माहीत आहे की घरी येताना मी हाच बांधून येतो, असं तो म्हणाला. मग मी त्याला सांगितलं की हे तुझ्यासमोर उभे आहेत ना, यांच्याच घरात हा रुमाल छापलेला आहे.

खलाशाने रामस्वरूपजींच्या निळ्या बोटांकडे बघितलं. त्याने हेल्मेट काढलं. रामस्वरूपजींच्या हातातला रुमाल दोन्ही हातांनी त्यांच्याकडेच सरकवला आणि मला म्हणाला, यांना सांगा, हा आता यांनी ठेवावा.

मी सांगितलं. शेखावतजी, आपा, महेंद्रजी, सगळे जवळ येऊन उभे राहिले होते.

रामस्वरूपजींनी रुमालाच्या कडा जुळवल्या, नीट घडी घातली आणि खलाशाच्या हातात परत ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडमजी, इनसे कहिए, उलटा करके सुखाया करें। और छाँव में।"